मॉरिसनच्या कबरीवरचं लिखाण पुसावं की राहू द्यावं?

निळीशाई

मे २०२५ मध्ये पॅरिस पोलिसांना जिम मॉरिसनचा हरवलेला अर्धपुतळा सापडला. त्याचा शोध चाललाच नव्हता; आर्थिक गुन्ह्याच्या एका प्रकरणात झडती घेताना तो हाती लागला. क्रोएशियाचे शिल्पकार म्लादेन मिकुलिन यांनी तो संगमरवरात घडवून १९८१ मध्ये, मॉरिसनच्या दहाव्या पुण्यतिथीला, पेर लाशेज दफनभूमीत त्याच्या कबरीवर बसवला होता. १९८८ मध्ये तो तिथून चोरीला गेला. पोलिसांनी दिलेल्या फोटोत नाकातोंडाचे टवके उडालेले दिसतात, आणि चाहत्यांनी पुतळ्यावर केलेलं लिखाण अजून तसंच आहे. ते लिखाण पुसावं का, हा या धाग्याचा विषय. माझं उत्तर ‘हो, आणि फक्त पुतळ्यावरचंच नाही’ असं आहे.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॉरिसन हा ‘द डोर्स’ या अमेरिकन रॉक बँडचा गायक आणि गीतकार. ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमधल्या भाड्याच्या घरात तो गेला, वय २७. चार दिवसांनी मोजक्या माणसांच्या उपस्थितीत त्याला पेर लाशेजच्या सहाव्या विभागात दफन केलं. तेव्हापासून जगभरातून चाहते येतात. दफनभूमी ४४ हेक्टरची, चढउतारांची, गल्ल्याबोळांची, त्यामुळे कबर पटकन सापडत नाही. मग पुढच्यांना वाट कळावी म्हणून आधी आलेल्यांनी रस्त्यातल्या थडग्यांवर ‘जिम’ लिहून बाण काढले. आणि कबरीजवळ पोचलेल्यांनी जिथे जागा दिसेल तिथे नावं, गाण्यांच्या ओळी, तारखा लिहिल्या.

मॉरिसनची स्वतःची कबर लहान, म्हणून बहुतेक लिखाण शेजाऱ्यांच्या अंगावर आलं. सहाव्या विभागात एकोणिसाव्या शतकातली घराण्यांची थडगी आहेत. माणूस उभा राहील एवढ्या दगडी खोल्या, पुढे जाळीचं दार, दारावर आडनाव. ज्यांच्या दारावर बाण काढला त्यांचा मॉरिसनशी काय संबंध? त्या घराण्यांच्या वारसांनी तक्रारी केल्या त्या उगाच नव्हेत. पेर लाशेज १८०४ मध्ये सुरू झालं आणि आजही तिथे अंत्यविधी होतात. पर्यटकांच्या घोळक्यातून वाट काढत काळ्या कपड्यातलं कुटुंब चाललेलं मी स्वतः पाहिलंय.

मी गेले तेव्हा कबरीभोवती लोखंडी कठडे होते. शेजारच्या झाडाच्या खोडाला बांबूची चटई गुंडाळलेली, कारण लोक सालीवर च्युइंगगम चिकटवतात. आता गम चटईवर. गुलाबी, पांढरा, हिरवट, बोटांचे ठसे उमटलेला. एका मुलीने माझ्यासमोर तोंडातला काढला, चिकटवला आणि फोटो काढला. तिच्या चेहऱ्यावर खरोखर भक्तिभाव होता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

त्याच दफनभूमीत पोलिश संगीतकार शोपँ आहे. त्याच्याकडेही दिवसभर रीघ असते. फुलं, पणत्या, पोलंडचे लाल-पांढरे झेंडे. सगळं उचलता येण्यासारखं.

आणखी एक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घरच्यांनी मॉरिसनच्या कबरीवर साधा दगड आणि धातूची पाटी बसवली: पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि वडिलांनी निवडलेले चार ग्रीक शब्द. वडील अमेरिकेच्या नौदलात रिअर अ‍ॅडमिरल, मुलाशी त्यांचं फाटलेलं होतं. अशा बापाने मुलगा गेल्यावर वीसेक वर्षांनी चार शब्द शोधून आणले. तिथे पाचवा शब्द लिहायचा अधिकार कुणाला नाही असं मला वाटतं.

आडवासूर

निळीशाई, तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही तसंच लिहितो. पटलं नाही.

तुमचा हक्काचा हिशेब घरच्यांच्या पाटीपासून सुरू होतो, मी १९७१ पासून करतो. दफन झालं तेव्हा त्या जागी नीट दगडसुद्धा नव्हता. दफनभूमीने लावलेली पाटी १९७३ मध्ये चोरीला गेली. पुढे कित्येक वर्षं ती कबर कुणाची हे तिथे जमणाऱ्या पोरापोरींच्या लिखाणावरूनच कळत होतं. ते तुम्ही आज खरडपट्टी म्हणून पुसायला निघालात. घरच्यांची पाटी आली ती दोन दशकांनी. मधल्या काळात त्या माणसाची आठवण कुणी धरून ठेवली?

आणि मिकुलिन यांनी पुतळा स्वतःहून केला होता. म्हणजे एका चाहत्यानेच तो कबरीवर आणून ठेवला. एका चाहत्याची छिन्नी चालते आणि दुसऱ्याचं पेन चालत नाही, हे कोणी ठरवलं? ज्याला शिल्प येतं त्याचं प्रेम ते स्मारक, ज्याला फक्त नाव लिहिता येतं त्याचं प्रेम ती विटंबना?

आपल्याकडचं उदाहरण देतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि स्वतःचं नाव कोरलंय. तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता, त्यावर उभं राहून कोरल्यामुळे ते आज डोक्याच्याही वर दिसतं. चित्रावर कोरलंय, म्हणजे गुन्हाच. पण आज गाइड विजेरी मारून तेच नाव दाखवतो आणि लोक माना उंचावून बघतात. दोनशे वर्षांनी तोच ओरखडा लेण्यांच्या इतिहासाचा पुरावा झालाय. तो पुसावा असं कुणी म्हणेल का?

गडवाट

मी म्हणेन की स्मिथने कोरायलाच नको होतं. आता पुसलं तर खालचं चित्रही जाईल, म्हणून ते राहिलंय. राहिलं याचा अर्थ बरोबर होतं असा होत नाही.

आम्ही दर पावसाळ्यानंतर गडांवर साफसफाईला जातो. तटावर, टाक्यांच्या कडेला, देवळाच्या खांबावर बदाम आणि दोन नावं. ऑइलपेंट तारेच्या ब्रशने घासून दमछाक होते आणि तरी लालसर डाग राहतोच. लिहिणाऱ्याला विचाराल तर तोही सांगेल, महाराजांवर प्रेम आहे म्हणून आलो होतो. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड अशी कायद्यात तरतूद आहे. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असतं? प्रेमाची सबब मी तरी ऐकून घेत नाही.

टाकीचेघाव

जुन्या दगडी बांधकामांच्या जतनाचं काम करते, म्हणून भावनेचा भाग बाजूला ठेवून दगडाबद्दल लिहिते.

पॅरिसमधली बरीच थडगी चुनखडीच्या दगडाची आहेत. हा दगड सच्छिद्र. मार्करची शाई त्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही, काही मिनिटांत आत उतरते. वरून द्रावण ओतून पुसायला गेलं की शाई पातळ होऊन आणखी खोल जाते आणि डाग पसरतो. बरी पद्धत म्हणजे लेप: कागदाचा लगदा किंवा विशिष्ट माती द्रावणात कालवून डागावर थापायची, वर प्लॅस्टिक लावून हळूहळू सुकू द्यायची, म्हणजे सुकताना ती शाई ओढून घेते. एकदा करून भागत नाही. आणि एका तळहाताएवढ्या जागेला दिवस जातो. एवढा वेळ आणि पैसा नसला की मग जोराच्या पाण्याचा फवारा किंवा वाळूचा मारा होतो. त्यात शाईबरोबर दगडाची वरची कातडी जाते. कातडी गेली की दगड आणखी शोषायला लागतो, शेवाळ धरतं, कोरलेली अक्षरं बोथट होतात. पुढच्या वेळी लिहिलेलं आणखी खोल जातं.

पेर लाशेजमध्येच याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे, लेखक ऑस्कर वाइल्डचं थडगं. जेकब एपस्टाइन यांनी घडवलेला पंखधारी पुतळा, तोही चुनखडीतला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर लिपस्टिक लावून ओठ टेकवायची पद्धत पडली. लिपस्टिकमधलं तेल आणि मेण दगडात मुरतं. दर वेळी धुतलं की दगड थोडा झिजायचा, थोडा अधिक पाणी प्यायचा. दंडाच्या धमकीचा उपयोग झाला नाही. शेवटी २०११ मध्ये आयर्लंड सरकारच्या पैशाने सगळं स्वच्छ केलं आणि भोवती उंच काच उभी केली. लोक आता काचेला ओठ टेकवतात. काच फडक्याने पुसली जाते.

तेव्हा आडवासूर, ‘राहू द्या’ म्हणणंसुद्धा तितकं सोपं नाही. एकाचं राहू दिलं की शंभर येतात, मग कुणीतरी घाबरून वाळूचा मारा करतं. वाइल्डच्या दगडाचं जे नुकसान झालं त्यात ओठांइतकाच साबणाचा वाटा आहे.

आपला काळा पाषाण या बाबतीत पुष्कळ टणक. रंग बराचसा वरच राहतो. खिळ्याने कोरलं तर मात्र कायमचंच.

आडवासूर

टाकीचेघाव, ही माहिती नव्हती. दगडाचं म्हणणं मान्य.

पण मग यातून मार्ग जागा देण्याचा निघतो, बंदीचा नाही. सर्ज गेन्सबूर हा फ्रान्सचा गायक-संगीतकार. पॅरिसमधल्या व्हर्नई रस्त्यावर त्याचं घर आहे. १९९१ मध्ये तो गेल्यावर घराची बाहेरची भिंत चाहत्यांनी लिहून, रंगवून भरून टाकली. तीवर थरावर थर चढले. मुलीने घर आत जसंच्या तसं जपलं आणि भिंतही तशीच राहू दिली. २०२३ मध्ये घर संग्रहालय म्हणून उघडलं तेव्हा ती भिंत हीच त्याची ओळख झालेली होती. आणि त्याची कबर माँपार्नासला आहे, तिथे लोक मेट्रोची तिकिटं ठेवतात, कारण तिकिटांना भोकं पाडणाऱ्या माणसावर त्याचं गाणं होतं. लिहायला भिंत मिळाली म्हणून कबर वाचली, असं मी म्हणेन.

अमेरिकेत मेम्फिसला गायक एल्विस प्रेस्लीच्या ग्रेसलँड या घराची दगडी कुंपणभिंत नावांनी भरलेली आहे. आतल्या बागेत त्याची कबर निर्मळ आहे. लंडनला बीटल्सच्या गाण्यांमुळे गाजलेल्या अ‍ॅबी रोड स्टुडिओची पुढची भिंत अधूनमधून पांढरी रंगवतात आणि लोक पुन्हा लिहितात, कुणाची तक्रार नाही. मॉरिसनच्या चाहत्यांना मात्र पन्नास वर्षांत फक्त कठडे, पहारेकरी आणि १९९१ मध्ये विसाव्या पुण्यतिथीला अश्रुधूर मिळाला. त्यांना एक भिंत द्या, शेजाऱ्यांच्या दारावरचे बाण आपोआप थांबतील.

निळीशाई

भिंत द्या, हे मला पटतं. दफनभूमीच्या बाहेर द्या.

पण ‘आपोआप थांबतील’ हे पटत नाही. प्रागची लेनन भिंत बघा. बीटल्सचा गायक जॉन लेनन याचा खून झाल्यावर १९८० पासून तिथल्या तरुणांनी त्यावर लिहायला सुरुवात केली, तीसुद्धा कम्युनिस्ट राजवटीत, पोलीस पुन्हा पुन्हा पुसत असताना. त्या काळात तिथे लिहिण्यात धोका होता आणि लिहिलेल्याला वजन होतं. पुढे काय झालं? पर्यटकांचे जथे स्प्रेचे डबे घेऊन यायला लागले, आजूबाजूची घरंही रंगली, दारू पिऊन गोंधळ व्हायला लागला. २०१९ मध्ये भिंतीच्या मालकांना नियम करावे लागले: स्प्रे बंद, खडू-पेन्सिल-मार्कर चालेल. म्हणजे भिंत दिल्यावरही ती उतू गेलीच.

मिकुलिन यांच्याबद्दल तुम्ही विचारलंत ना, छिन्नी चालते आणि पेन का नाही? त्यांनी छिन्नी स्वतःच्या दगडावर चालवली. पेनवाल्यांनी ते मिकुलिन यांच्या दगडावर चालवलं.

मिरजवाला

मी रॉक ऐकत नाही, मॉरिसनचं नाव इथेच नीट वाचलं. पण कलावंताच्या कबरीपाशी काय करावं यावर आमच्या गावाकडे एक जुनं उत्तर आहे, ते सांगतो.

उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेत दौऱ्यावर असताना गेले. रेल्वेने पाँडिचेरीकडे निघाले होते, वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमालकोईल स्टेशनात उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला. दफन मात्र मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. त्यांची कबर बघायला येणारा माणूस बहुधा गाणारा किंवा गाणं ऐकणारा असतो. येणारे गायक तिथे हजेरी लावतात. हजेरी म्हणजे गाणं. मोठमोठ्या नावांनी तिथे बसून गायलंय आणि काल शिकायला लागलेल्या पोरांनीही. दरवर्षी संगीतसभा होते, तिला तिकीट नसतं, सतारमेकर गल्लीतले कारागीर दुकान बंद करून येऊन बसतात. रात्री उशिरा मागच्या रांगेत कुणी म्हातारा डोळे मिटून मान हलवत असतो. तो तंबोरे बनवणारा असतो, समोरच्या गायकाच्या मांडीवरचा तंबोरा कदाचित त्याच्याच हातचा.

खाँसाहेबांच्या कबरीवर नाव लिहावं असं तिथे येणाऱ्याच्या मनातही येत नाही. द्यायचं ते स्वरात देऊन झालेलं असतं.

आडवासूर

मिरजवाले, वाचून बरं वाटलं. एकदा यायचंच आहे.

पण विचार करा, तुमच्या हजेरीत बसायला अंगात काहीतरी असावं लागतं. सवाई गंधर्वांसारखे शिष्य आणि हिराबाईंसारखी लेक ज्यांना लाभली, त्यांची आठवण घराण्याने सांभाळली. मॉरिसनला घराणं नाही. त्याच्याकडे येणारा ब्राझीलचा, पोलंडचा, जपानचा विशीतला मुलगा गात नाही, त्याला फ्रेंच येत नाही, खिशात पैसे जेमतेम. ज्या आवाजाने त्याला कुठल्यातरी वाईट रात्री सावरलं, त्या माणसाच्या सहा फुटांवर तो उभा आहे. त्याच्याकडे पेन आहे. दर्ग्यातही लोक जाळीला दोरे बांधतातच की. दोरा बांधणं आणि नाव लिहिणं यामागची ओढ एकच आहे.

मिरजवाला

ओढ एकच असेल. पण दोरा सुटतो, आणि जाळी भरली की कुणीतरी तो काढतो. बांधणाऱ्याला त्याचं वाईट वाटत नाही, कारण दोऱ्यावर त्याचं नाव नसतं.

आणि हजेरी फक्त गाणाऱ्याची नसते. मागच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्याबद्दल मी म्हणूनच लिहिलं.

दादरचा_श्रोता

रफीसाहेबांचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहितो. ३१ जुलै १९८० ला ते गेले. जुहूच्या कब्रस्तानात दफन झालं. तिथेच मधुबाला, साहिर, तलत महमूद, नौशाद. २०१० मध्ये जागा कमी पडते म्हणून ही बांधीव थडगी काढली. मुंबईत जागेची काय टंचाई आहे ते सांगायला नको, आणि कब्रस्तान चालवणाऱ्यांवर माझा राग नाही. रोजची मय्यत कुठे न्यायची हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. पण ३१ जुलैला लोक अजून जातात. जवळचं एक नारळाचं झाड खूण म्हणून धरलंय, तिथे उभं राहून फातिहा वाचतात.

लिहायचं की पुसायचं यावर तुम्ही एवढे भांडताय, कारण पॅरिसमध्ये दगड तरी शिल्लक आहे. आमच्याकडे तोही नाही. मला विचाराल तर रफीसाहेबांच्या थडग्यावर हजार लोकांनी नावं लिहिली असती आणि ते थडगं जागेवर असतं, तर मी चाललो असतो बघायला.

वसईची_लेक

बराच वेळ वाचत होते. निळीशाई ज्यांना शेजारी म्हणतात त्यांच्या बाजूने कुणी बोलेल का याची वाट बघत होते.

आमच्याकडे चर्चमागच्या दफनभूमीत माझे आजी-आजोबा आहेत. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आदल्या आठवड्यात सगळी घरं तिथे असतात. गवत काढायचं, क्रूस धुवायचा, अक्षरांतला रंग उडाला असेल तर बारीक ब्रशने भरायचा. आमच्या घरी ते काम आईकडे आहे. ती मांडी घालून बसते आणि आजीच्या नावातलं एकेक अक्षर काळं करते, रंग ओघळला की पदराच्या टोकाने टिपते. त्या दिवशी संध्याकाळी झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या. फादर ओळीने सगळ्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडत जातात.

आता समजा, आजीच्या शेजारी उद्या कुणी मोठा गायक पुरला आणि आईने रंगवलेल्या अक्षरांवर कुणी बाण काढला. बाण काढणारा पोरगा ब्राझीलहून आला, त्याची रात्र वाईट होती, त्याच्या खिशात पैसे नव्हते, हे सगळं मी समजून घेईन. आईला मी काय सांगू?

आडवासूर, तुम्ही त्या मुलाबद्दल इतक्या आपुलकीने लिहिलंत. तशीच एक ओळ त्या दगडी खोलीच्या दारावरच्या आडनावाबद्दल लिहिली असतीत तर मला तुमचं म्हणणं ऐकणं सोपं गेलं असतं. मोठ्या माणसाच्या शेजारी पुरलं जाणं हा काही आमचा अपराध नाही.

आडवासूर

वसईची लेक, तुमच्या आईला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. शेजाऱ्यांच्या थडग्यांवरचं लिखाण पुसावं, पुन्हा लिहिणाऱ्याला दंड करावा, इथे मी तुमच्या बाजूला आलो. बाणांचं समर्थन मी करणार नाही.

मिकुलिन यांच्या पुतळ्याबद्दल मात्र माझं म्हणणं तसंच आहे. तो मॉरिसनच्या स्वतःच्या कबरीवर होता, दुसऱ्या कुणाच्या नव्हे. १९८१ ते १९८८ या सात वर्षांत तिथे आलेल्यांची अक्षरं त्यावर आहेत. त्या पिढीतले कितीतरी आज हयात नसतील. बाकी सगळं लिखाण धुतलं गेलं, हा पुतळा चोरीला गेला म्हणूनच त्यावरचं वाचलं. हा योगायोग आता कुणी साबण लावून संपवू नये.

टाकीचेघाव

पुतळ्याबाबत मी आडवासूर यांच्याजवळ आहे, कारण वेगळं आहे. संगमरवर इतकी वर्षं तशीच शाई धरून बसला असेल तर ती काढताना नाक-तोंडाच्या फुटलेल्या कडा आणखी झिजतील. माझ्या हातात असतं तर मी प्रत्येक इंचाचे फोटो घेतले असते, वेगवेगळ्या प्रकाशात, पुसट झालेली अक्षरंही वाचता येतील असे. आणि मूळ पुतळा न धुता घरात, छपराखाली ठेवला असता. कबरीवर प्रतिकृती.

आडवासूर

प्रतिकृती नको. संग्रहालयात तिकीट काढून बघायचा पुतळाही नको. तो तिथे बसायला घडवला होता.

गडवाट

तिथे बसवलात तर महिन्याभरात नवीन नावं. आणि या खेपेला नाकाबरोबर कानही जातील. गडावर आम्ही एक तोफ गाड्यावर नीट बसवून आलो, पुढच्या खेपेला तिच्या तोंडात बाटल्या आणि अंगावर नावं. उघड्यावर ठेवायचं तर राखण हवी, आणि राखणीला रोज माणूस लागतो. तो पगार कोण देणार, हे आधी ठरवा.

दादरचा_श्रोता

फ्रेडी मर्क्युरीचं यापेक्षा निराळं झालं. पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी मुलगा, पुढे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक. १९९१ मध्ये गेला. त्याच्या अस्थी कुठे आहेत ते त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन यांनी कधीच उघड केलं नाही. चाहत्यांनी मग लंडनमधल्या त्याच्या घराच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. जागा लपवली तरी लिहिणाऱ्यांनी भिंत शोधलीच. तरी अस्थी मात्र शांत आहेत, हे मला बरं वाटतं.

निळीशाई

दादरचा श्रोता, मलाही बरं वाटतं. पण मॉरिसनच्या घरच्यांना तो पर्याय आता उरलेला नाही, पत्ता साऱ्या जगाला ठाऊक आहे.

आडवासूर, शेजाऱ्यांबद्दल तुम्ही मोकळेपणाने मानलंत, आभार. पुतळ्याचं उत्तर देते. तो कबरीवर परत बसवायचा असेल तर स्वच्छ करून आणि वाइल्डसारखी काच लावूनच बसवावा. लिखाणासकट बसवला तर येणारा प्रत्येक जण त्याचा एकच अर्थ घेईल, की इथे लिहायची परवानगी आहे. मग काचेवर लिहितील, काच भरली की कठड्यावर, आणि कठड्याच्या पलीकडे पुन्हा तीच दारं. झिजण्याची भीती असेल तर टाकीचेघाव म्हणतात तसा न धुता आत ठेवा, त्याला माझी ना नाही. पण लिहिलेला पुतळा उघड्यावर नको.

आडवासूर

काच लावा, पहारा ठेवा, फुलांसाठी जागा करा, एवढं सगळं मान्य. धुवायचं सोडून. मिकुलिन यांनी घडवला तो पुतळा १९८१ सालचा. पोलिसांना मिळाला तो १९८८ चा, आणि मला दुसरा हवाय.

निळीशाई

आणि मला पहिला.